मोहोळ उघड्यावर, म्हणून बेघर?

गेल्या जानेवारीत मसुऱ्याहून एका शिक्षिकेचे पत्र आले. मजकूर थोडक्यात असा होता: "शाळेच्या आवारात मधमाश्यांची तीन मोहोळे लागली आहेत. तिन्ही उघड्यावर आहेत. पालक म्हणतात, रात्री टेंभा लावून जाळून टाकू. मुले म्हणतात, बाई, त्यांना बिचाऱ्यांना घर नाही, आपण पेट्यांत नेऊन ठेवू या. काय करावे ते सुचत नाही. तुम्ही येऊन पाहाल का?"

आम्ही गेलो. मसुरे हे मालवण तालुक्यातले, गड नदीच्या काठाने वाड्यावाड्यांत पसरलेले गाव. भरतगडाच्या टेकडीभोवती माड, फणस, आंबा, काजू अशी दाट झाडी. जानेवारीत काजू आणि आंबा मोहरलेले असतात, माडाला तर बारा महिने फुलोरा येतो. मधमाश्यांनी इथे मुक्काम केला यात नवल नव्हते. प्रश्न एवढाच होता, की मुले म्हणत होती तसे हे तिन्ही मुक्काम बेघरांचे होते का?

एका आवारात तीन बिऱ्हाडे

बोलण्याआधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. पोळे म्हणजे मेणाच्या षट्कोनी घरांचा एक पडदा. मोहोळ म्हणजे राणी, कामकरी माश्या, नर, पोळी आणि त्यांतला पिलावा (म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश) या सगळ्यांची मिळून झालेली वसाहत.

पहिले मोहोळ शाळेच्या कुंपणात, मेंदीच्या झुडपात होते. बारीक फांदीला कवेत घेऊन केलेले, तळहाताएवढे एकच पोळे. माश्या जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीच्या, पोटाचा पुढचा भाग तांबूस. ही फुलोरी माशी.

दुसरे मोहोळ आवारामागच्या जुन्या मांगराच्या वळचणीखाली होते. तिथे एकाशेजारी एक, समांतर अशी तीन पोळी लोंबत होती. माश्या फुलोरीपेक्षा मोठ्या, सुमारे दहा-अकरा मिलिमीटरच्या, पोटावर काळे-पिवळे पट्टे. ही सातेरी. सात पोळी बांधते म्हणून सातेरी असे सांगतात. प्रत्यक्षात पोळ्यांची संख्या कमीजास्त असते. सिंधुदुर्गातल्या वाचकांना सातेरी म्हटले की वारुळाच्या रूपातली देवी आठवेल. ही माशीही रिकाम्या वारुळात घर करते, हा एक छान योगायोग.

तिसरे मोहोळ वडाच्या आडव्या फांदीखाली, बरेच उंच होते. एकच पोळे, पण हातभर रुंद, आणि त्यावर काळपट माश्यांचा जाड थर. माशी सतरा ते एकोणीस मिलिमीटरची. ही आग्या. तिच्या वसाहतीत हजारो, कधी कधी पन्नास हजारांहून अधिक माश्या असतात. आम्ही वर पाहत उभे असताना एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "आग्याक हात लावश्यात तर सगळो गाव पळतलो." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे पुढे येईलच.

एक पोळे की अनेक?

कुठलेही मोहोळ दिसले की सुरक्षित अंतरावरून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पोळे एक आहे की अनेक? मधमाशीचा सगळा संसार या एका गोष्टीशी बांधलेला आहे.

पिलाव्याला साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब सतत लागते. ती राखायची दोन तऱ्हांची सोय निसर्गात दिसते. सातेरी पोकळी शोधते. झाडाची ढोली, जांभ्या दगडाच्या भिंतीतली फट, विहिरीच्या कडेची कपार, वारूळ. भिंती आयत्या मिळतात, म्हणून तिला आत अनेक पोळी समांतर टांगता येतात आणि मधल्या गल्ल्यांतली हवा उबदार ठेवता येते.

आग्या आणि फुलोरी यांना भिंत नसते. त्या स्वतःच भिंत होतात. पोळ्यावर माश्या एकमेकींना धरून थर रचतात आणि पोळे पूर्ण झाकून टाकतात. ऊन वाढले की हा पडदा सैल होतो, गारवा आला की घट्ट होतो. गांधीलमाशी जवळ आली की आग्याच्या पडद्यावरच्या माश्या क्रमाने पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून चमकदार लाट पळत गेल्यासारखी दिसते. मसुऱ्याच्या मुलांनी ही लाट दुरून पाहिली. शेतातल्या भातावरून वारा जातो तशी ती दिसते, असे एका मुलीने सांगितले. उपमा अगदी बरोबर होती.

फुलोरीची युक्ती निराळी. ती झुडपाच्या पानांत लपते आणि फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना झाडाच्या चिकाचे पट्टे फासते. मुंगी त्या चिकट पट्ट्यावरून पुढे येऊ शकत नाही.

आता उजेडाची गोष्ट पाहा. कामकरी माशी फुलांचा पत्ता इतर माश्यांना नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवले. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी श्रीलंकेत जाऊन आपल्याकडच्या माश्यांचे नाच अभ्यासले आणि १९५६ साली त्यावर लिहिले. सातेरी पोकळीतल्या अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते आणि सूर्याची दिशा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत 'भाषांतरित' करते. फुलोरी पोळ्याच्या माथ्यावरच्या आडव्या सपाटीवर, उघड्या आकाशाखाली नाचते आणि थेट फुलांच्या दिशेने धावून दाखवते. आग्या उभ्या पोळ्यावरच नाचते, पण आकाश दिसेल अशा उघड्या जागी.

म्हणजे उघडे आकाश ही या दोन माश्यांची अडचण नसून गरज आहे. आग्याला अंधाऱ्या पेटीत कोंडणे म्हणजे तिला घर देणे नव्हे, तिचे घर काढून घेणे होय. वडावरची आग्या आणि मेंदीतली फुलोरी बेघर नव्हत्याच. खरे बेघर होते ते एकच मोहोळ: मांगराच्या वळचणीखालचे, सातेरीचे.

सातेरी उघड्यावर का आली?

फुलोऱ्याच्या दिवसांत सातेरीची वसाहत वाढते आणि जुनी राणी निम्म्याशिम्म्या माश्यांसह घर सोडते. हा थवा प्रथम एखाद्या फांदीला घोसासारखा लटकतो. त्यात पोळे नसते, फक्त माश्या असतात. काही टेहळ्या माश्या आसपास ढोल्या आणि फटी शोधतात, परत येऊन नाचून माहिती देतात, आणि एकमत झाले की थवा उठून जातो. हे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उरकते. अशा लटकलेल्या थव्याला घाबरून जाळणे तर फारच वाईट. त्याला ना पिलावा सांभाळायचा असतो, ना साठा, म्हणून तो सहसा डंख मारायला धावत नाही. त्याला वाट पाहू द्यावी, किंवा जाणकाराला बोलावून पेटीत उतरवून घ्यावे.

पण टेहळ्यांना जागा सापडलीच नाही तर? तेव्हा थवा नाइलाजाने आहे तिथेच पोळी बांधू लागतो. जुनी पोकळ झाडे तोडली गेली, चिऱ्याच्या भिंतींच्या सांध्यांवर सिमेंट चढले, की ढोल्या आणि फटी कमी होणारच. मसुऱ्यातही तसेच घडले असावे, असा आमचा तर्क आहे. जानेवारीत ही वसाहत तग धरते. जूनमध्ये कोकणचा पाऊस वळचणीखाली तिरपा मारू लागला, की उघडी पोळी भिजतात, पिलावा गारठतो, आणि पावसाळ्यात फुलेही कमी. सातेरीच्या अंगात आग्यासारखा दाट पडदा धरण्याची तयारी नसते. अशा मोहोळाला घर देणे म्हणजे खऱ्या अर्थाने जीव वाचवणे.

पेटीत बिऱ्हाड हलवताना

पेटीत मधमाशी पाळता येते ती एका लहानशा अंतरामुळे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या १८५१ साली लक्षात आले, की दोन पृष्ठभागांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटरची वाट ठेवली, तर माश्या ती वाट म्हणूनच मोकळी सोडतात. तिथे पोळे बांधत नाहीत, डिंकाने बुजवतही नाहीत. म्हणून चौकटी चिकटत नाहीत आणि उचलून पाहता येतात. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी बनवली. 'न्यूटन पेटी' या नावाने ती आजही ओळखली जाते.

मांगराखालचे मोहोळ आम्ही दुपार कलल्यावर, मुले घरी गेल्यावर हलवले. क्रम असा होता:

१. मोहोळाखाली थोडा गार धूर दिला. धुराने माश्या मध पिऊन घेतात आणि सुस्त होतात. धूर गरम असला तर उलट चिडतात.

२. एकेक पोळे मुळाशी धारदार सुरीने कापले. मध असलेला वरचा भाग वेगळा काढला, कारण जड मधाने पोळे चौकटीत तुटून पडते. पिलाव्याचा भाग तेवढा ठेवला.

३. प्रत्येक पोळे रिकाम्या चौकटीत, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपट्याने बांधले. पोळे उलटे बसवले तर घरांचा उतार उलटा होतो.

४. चौकटी मूळ क्रमाने पेटीत लावल्या. राणी दिसली तेव्हा तिला अलगद पेटीत सोडले. राणी आत गेली की बाकीच्या माश्या दाराशी पोट वर करून, पंख हलवून गंध पसरवतात आणि मागे राहिलेल्यांना आत बोलावतात.

५. पेटी काळोख होईपर्यंत त्याच जागी ठेवली, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या परत येऊन आत गेल्या. मग दाराला जाळी लावून ती नदीच्या बाजूच्या एका बागेत, सुमारे तीन किलोमीटरवर नेली.

शेवटच्या पायरीचे महत्त्व मुलांना मुद्दाम सांगावे. माशी घराची जागा आजूबाजूच्या खुणांवरून पाठ करते. पेटी शे-दोनशे मीटरवर नेली, तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेल्या माश्या ओळखीच्या वाटेने जुन्या जागी परततात आणि रिकाम्या वळचणीला घोंगावत राहतात. लांब नेले, की खुणा नव्या वाटतात आणि त्या नवी जागा पाठ करतात.

बागेत पेटी सावलीत, स्टँडवर ठेवली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, कारण कोकणात मुंग्यांइतका पेटीचा वैरी दुसरा नाही. पहिले काही दिवस संध्याकाळी साखरेचा पाक दिला. चौथ्या दिवशी पाहिले तेव्हा माश्यांनी नवे मेण लावून पोळी चौकटींना जोडली होती. सोपटे कापून काढले.

एक चूक इथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी आम्ही असेच मोहोळ ऐन जूनमध्ये हलवले होते. पोळी कापताना घाई केली, पिलाव्याचा बराच भाग चिरडला, आणि पाक देण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून निघून आलो. आठवड्याने पेटी रिकामी होती. सातेरी अशी रुसून निघून जाते. पोळ्यात जिवंत पिलावा असेल, पोटाला असेल आणि त्रास नसेल तरच ती टिकते. उपकाराची भावना असली म्हणजे तंत्र आपोआप येते, असे आम्हाला तेव्हा वाटत होते.

आणखी एक सावधगिरी. वसाहती दुरून मागवू नयेत. १९९१-९२ च्या सुमारास 'थाई सॅकब्रूड' या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. जवळची वसाहत जवळच वसवणे हेच शहाणपणाचे.

आग्याचे काय करायचे?

उत्तर सरळ आहे: शक्यतो काहीच नाही. जे करायचे ते माश्यांचे नव्हे, माणसांचे.

आग्याला पाळता येईल का, याचा विचार शास्त्रज्ञांनी केला आहे. पुण्याचे सी. व्ही. ठाकर यांनी आग्याच्या वसाहती हाताळून ठेवण्याच्या प्रयत्नांची प्राथमिक माहिती १९७३ साली 'बी वर्ल्ड' या नियतकालिकात दिली होती. पण आग्या हंगामानुसार स्थलांतर करते. कोकणात ती साधारणपणे पाऊस सरल्यावर येते आणि पुढच्या पावसाआधी जाते. २००० साली आसाममधल्या वसाहतींची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की स्थलांतरानंतर वसाहती आपल्या पूर्वीच्याच जागी परत येऊ शकतात. तेव्हा 'दर वर्षी त्याच वडावर लागतात' हे गावकऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

व्हिएतनाममधल्या उ मिन्हच्या जंगलात लोकांनी यातून वाट काढली आहे. ते मोकळ्या, उजेडाच्या जागी तिरप्या दांड्या उभारतात. आग्या त्यांना फांदी समजून पोळे करते, आणि लोक मधाचा तेवढा भाग कापून पिलावा राखतात. त्यांनी माशीला पेटीत बसवले नाही, तिला हवी तशी फांदी दिली. ओमानमध्ये फुलोरीची पोळी खजुराच्या चिरलेल्या काठ्यांत धरून हलवतात, तीही उघडीच ठेवून.

टेंभा लावून जाळणे मात्र सर्वांत वाईट. पिलावा आणि हजारो माश्या मरतात, आणि उरलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी चिडून फिरतात. आग्याने एकदा डंख मारला, की नांगीबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो धोक्याचा इशारा असतो. त्या वासाने इतर माश्या त्याच जागी धावून येतात. एक डंख म्हणून थांबत नाही. वृद्ध गृहस्थांचे 'सगळो गाव पळतलो' ते याचमुळे.

म्हणून मसुऱ्यात ठरले ते असे. वडाखालची जागा दोरी बांधून बंद केली. पाणी प्यायचा नळ आणि खेळाचे मैदान दुसऱ्या बाजूला घेतले. त्या बाजूला पालापाचोळा जाळायचा नाही, फटाके लावायचे नाहीत, दगड मारायचा नाही. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून, सगळ्यांनी वर्गात जाऊन दारे-खिडक्या लावायच्या. पाण्यात उडी घ्यायची नाही, कारण माश्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी नखाने लगेच खरवडून काढायची. डंख बरेच असतील, किंवा धाप लागली, चेहरा सुजला, चक्कर आली, तर एका डंखानंतरही ताबडतोब दवाखाना गाठायचा. मोहोळ वर्गाच्या दाराशी किंवा मुलांच्या वाटेवरच असेल, तर मात्र नुसते सांभाळून भागत नाही. तेव्हा प्रशिक्षित माणूसच बोलवावा, शाळेने स्वतः हात घालू नये. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय या कामाचे प्रशिक्षण देतात. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

पालकसभेत एकाने विचारले, "आंब्याला तरी या माश्यांचा उपयोग आहे ना?" प्रामाणिक उत्तर असे, की आंब्याच्या मोहरावर परागीभवनाचे मोठे काम साध्या माश्या करतात, मधमाश्यांचा वाटा तिथे तुलनेने कमी. पण माड, जांभूळ, काकडीवर्गीय वेली, मोहरी, सूर्यफूल, आणि रानातली असंख्य झाडे यांच्याकडे मधमाश्या सतत जात असतात. फायदा वाढवून सांगितला, तर एक दिवस तो खोटा ठरतो आणि माशीही आपल्या मनातून उतरते.

शाळेत काय करता येईल?

सुरक्षित अंतर राखून तीन गोष्टी सहज होतात. पहिली, गावातल्या मोहोळांचा नकाशा: जागा, उंची, पोळे एक की अनेक. दुसरी, सातेरीची पेटी असेल तर तिच्या बाजूला, दारासमोर न येता बसून, पाच मिनिटांत पायांवर पराग घेऊन किती माश्या आत गेल्या ते मोजणे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी मोजणी केली, की कोणती फुले कधी उघडतात हा पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतात. तिसरी, तारखांची वही: आग्या कधी आली, कधी गेली. दहा वर्षांची अशी वही कोकणातल्या कुठल्याही शाळेजवळ असेल, तर आम्हा संशोधकांना तिचा हेवा वाटेल.

मे महिन्याच्या अखेरीस बाईंचे दुसरे पत्र आले. पेटीतल्या सातेरीची आता सहा पोळी झाली आहेत. मेंदीतली फुलोरी मार्चमध्येच कुठेतरी निघून गेली. जाताना जुन्या पोळ्याचे मेण खरवडून नेत होती, ते मुलांनी पाहिले. वडावरची आग्या २३ मेला गेली. रिकामे पोळे काही दिवसांनी वाऱ्याने खाली पडले. मुलांनी त्याची रुंदी मोजली, ८४ सेंटिमीटर भरली, आणि तारखेसह वहीत लिहून ठेवली. वहीच्या पुढच्या ओळीत 'परत आली' असे लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे.